फिरती ग्रंथपेटी : बडोदे संस्थानातील ग्रामीण वाङ्मयप्रसार

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कोटाच्या खिशात शाळेच्या ग्रंथकपाटाची किल्ली असे. मी आठवीत असताना एका शनिवारी ती किल्ली त्यांनी माझ्या हाती ठेवली आणि सोमवारी प्रार्थनेपूर्वी परत आणून देण्यास सांगितले. कोणते पुस्तक घे, कोणते घेऊ नकोस, हे सांगितले नाही. पुढे माझे सारे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले, प्रबंध लिहिला, विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतले. परंतु पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये पुष्कळदा केवळ एक कुलूप उभे असते, हे ज्ञान त्या शनिवारचे आहे.

यंदाच्या व्याख्यानासाठी 'खेडी आणि साहित्य' हा विषय ठरला, त्याला एक व्यावहारिक निमित्तही आहे. माजी विद्यार्थी संघापाशी काही निधी जमला आहे. त्यातून दोन दिवसांचे भव्य साहित्य संमेलन भरवावे, मुंबई-पुण्याचे नामांकित साहित्यिक आणावेत, असा एक विचार आहे. दुसरा विचार अद्याप नीट मांडला गेलेला नाही. तो मांडावा, असे मला वाटते. व्याख्यानाच्या दिवशी घड्याळाकडे पाहत जे आटोपते घ्यावे लागले, ते येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. ते आपल्या बडोद्याविषयी आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक असेल असे मी धरून चालत होतो. व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी जे प्रश्न आले, त्यांवरून ते तसे नाही हे कळले.

मराठी माणसाला 'साहित्यिक कार्यक्रम' म्हटले की दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात : व्याख्यानमाला आणि संमेलन. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७८ साली तेथेच ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. दोन्ही रोपे नगरात लागली आणि नगराच्या पाण्यावर वाढली. बडोद्यानेही अशी संमेलने तीन वेळा आपल्या अंगणात भरवली : १९०९ साली कान्होबा रामचंद्र कीर्तिकर यांच्या, १९२१ साली न. चिं. केळकरांच्या आणि १९३४ साली ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली. पुढे २०१८ सालीही ते येथे भरले. १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद तर खुद्द सयाजीराव महाराजांकडे होते. आपल्या शहराचा वाङ्मयीन इतिहास सांगताना या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात. राजकवी चंद्रशेखर, राजकवी यशवंत, बडोद्यात जन्मलेले माधव जूलियन ही नावे ओघाने येतात. हे सारे खरेच आहे. परंतु ज्या काळात ही संमेलने होत होती त्याच काळात याच संस्थानातून दुसरे एक काम चालले होते. त्याला मंडप नव्हता, अध्यक्ष नव्हता, आभारप्रदर्शन नव्हते. ते लाकडी पेट्यांतून चालत होते.

बडोदे संस्थान म्हणजे बडोदे शहर नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सुमारे आठ हजार चौरस मैलांचा, एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांचा तो प्रदेश होता : बडोदे, कडी, नवसारी, अमरेली, आणि पार पश्चिमेला समुद्राकाठी ओखामंडळ. १९११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास भरली आणि गावे तीन हजारांवर होती. हजारात शंभरेक माणसांना लिहिता-वाचता येत होते. राजा मराठी, दरबारी मानकरी आणि कारकून बरेचसे मराठी, आणि प्रजा मात्र बव्हंशी गुजराती भाषेत बोलणारी, शेती करणारी. अशा राज्यात वाङ्मयाचा प्रसार करायचा म्हणजे काय करायचे, हा प्रश्न पुण्याच्या प्रश्नाहून मुळातच निराळा होता.

तो प्रश्न ज्याच्या मनात आला तो राजा स्वतः खेड्यातला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाला अक्षराची किंमत जितकी कळते तितकी ती आपल्यासारख्या पाटी घेऊनच जन्मलेल्यांना कळत नाही. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी ज्या गोष्टी केल्या त्यांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण ही पहिली मोठी गोष्ट. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत तिचा प्रयोग झाला आणि १९०६ पासून ती साऱ्या संस्थानास लागू झाली.

परंतु सक्तीने एक नवाच पेच निर्माण केला. मुलगा चार इयत्ता शिकतो, शाळा सोडतो, बैलामागे जातो. घरात छापील कागद नाही, गावात वर्तमानपत्र नाही. पाच-सहा वर्षांत तो वाचायला विसरतो. म्हणजे सरकारने खर्च केला, मास्तरांनी घसा कोरडा केला, आणि हिशेब पुन्हा शून्यावर आला. शिकलेले टिकवायचे तर शाळा सुटल्यानंतर वाचायला काहीतरी हवे, या साध्या विचारातून बडोद्याची ग्रंथालय चळवळ उभी राहिली. ती साहित्याच्या प्रेमातून जन्मली असे आपण साहित्याची माणसे म्हणू पाहतो, पण तिचा जन्म निरक्षरतेच्या भीतीतून झाला आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

येथे एका शिक्षकाचे नाव आवर्जून घ्यायला हवे. चरोतरातील वसो गावचे मोतीभाई अमीन हे महाराजांच्याही थोडे आधी या वाटेला लागले होते. १९०६ च्या सुमारास त्यांनी 'मित्रमंडळ' या नावाने गावोगावच्या शिक्षकांना आणि वाचनाची आवड असलेल्यांना एकत्र करून गुजराती पुस्तके व नियतकालिके खेड्यांत पोहोचवायला आरंभ केला. त्यांच्यापाशी सरकारी पैसा नव्हता, होती ती ओळखीची माणसे. पुढे संस्थानाचे ग्रंथालय खाते निघाले तेव्हा खेड्यांकडचे काम त्यांच्याकडे आले आणि मित्रमंडळाने पाडलेल्या पायवाटेवरून सरकारी गाडी चालू लागली. महाराजांनी चळवळ 'सुरू केली' असे लिहिण्याची आपली जुनी सवय आहे. परंतु वाट पाडणारा मास्तर आणि वाटेवर खडी टाकणारा राजा, दोघांचीही नोंद हवी.

महाराज १९०६ साली अमेरिकेस गेले, तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि दुसऱ्या फेरीत, १९१० साली, विल्यम अलॅन्सन बॉर्डन या न्यू हेवनच्या ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले. बॉर्डन येथे तीनच वर्षे राहिले, पण त्या तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथांच्या वर्गीकरणाची बडोद्यापुरती पद्धत तयार केली आणि १९११ साली ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग काढला. असा वर्ग हिंदुस्थानात पहिलाच. राजवाड्यातील महाराजांचा खाजगी संग्रह, सुमारे वीस हजार ग्रंथांचा, लोकांसाठी खुला झाला. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय झाली. त्यांच्यानंतर कारभार पाहिला तो जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी. १९१९ साली त्यांनी या चळवळीवर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. खात्याच्या त्रैमासिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग असत. मांडवीजवळ आज जी मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आहे ती १९३१ ची. तिच्यातील काचेच्या जमिनीवरून चालताना लहानपणी माझे पाय लटपटत, हे कबूल करायला हरकत नाही.

परंतु काचेची जमीन शहरात होती. खेड्यात काय होते?

खेड्यात दोन गोष्टी होत्या, आणि त्या दोहोंचा परस्परसंबंध नीट समजला तर सारी योजना समजते. पहिली गोष्ट म्हणजे ग्रामग्रंथालय. त्याचा पाया तीन वाट्यांचा होता. गावकऱ्यांनी काही रक्कम जमवायची. ती जमली की, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. म्हणजे गावाने एक रुपया टाकला की ग्रंथालयाचे तीन रुपये होत. पण गावाने आधी तो रुपया टाकलाच पाहिजे. फुकटचे ग्रंथालय कोणाच्याही दारात नेऊन बसवायचे नाही, हा यातला कस. ज्याने रुपया टाकला तो महिन्याने येऊन विचारतो, माझ्या रुपयाचे काय आणले? आणि असे विचारणारी वीस माणसे गावात निघाली की ग्रंथालय चालते. पुढच्या काळात संस्थानातील ग्रंथालयांची संख्या हजाराच्या वर गेली, ती या वाटेने.

मात्र रुपया टाकण्याआधी पुस्तकाची चव लागायला हवी. पाच पिढ्यांत ज्या घरात पुस्तक आले नाही, तो माणूस पुस्तकासाठी वर्गणी का देईल? तेथे दुसरी गोष्ट कामाला येई : फिरती ग्रंथपेटी. १९११ पासून या पेट्या निघू लागल्या. पेटी लाकडी, कुलूप लावता येण्याजोगी, आत पंधरा ते तीस पुस्तके. गावातील एखाद्या जबाबदार माणसाने, शिक्षकाने, तलाठ्याने, स्टेशनमास्तरने, पत्र लिहून मागणी करायची. पेटी रेल्वेने येई, वाहतुकीचे भाडे ग्रंथालय खाते भरी, वाचकाला एक पैसाही पडत नसे. तीन महिने पेटी गावात राही. मग ती परत जाई आणि हवी असल्यास दुसरी येई.

वरवर पाहता ही अगदी किरकोळ व्यवस्था आहे. पंधरा-तीस पुस्तके म्हणजे काय ग्रंथालय झाले? पण अध्यापनाच्या धंद्यातल्या माणसाला त्यातली खुबी चटकन कळावी. दहा हजार पुस्तकांपुढे नवखा वाचक बुजतो; वीस पुस्तके तो हाताळून पाहतो, आणि त्यांतली पाच त्याची होतात. तीन महिन्यांची मुदत असल्याने 'वाचू कधीतरी' हा आपला सर्वांचा आवडता बेत तेथे चालत नाही. आणि पेटी परत गेल्यावर जी पोकळी राहते, तीच गावाला वर्गणीच्या रुपयाकडे नेते.

माझे वडील डभोईकडच्या एका खेड्यात गुजराती शाळेचे शिक्षक होते, आणि राज्य विलीन होण्याआधीची काही वर्षे ते तेथे 'पेटीवाले मास्तर' होते. बडोदे संस्थानात मराठी घरातला शिक्षक गुजराती मुलांना शिकवतो, यात कोणालाच नवल वाटत नसे. डभोईची अरुंद रुळांची गाडी संस्थानाच्या अभिमानाचा विषय होती. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली तिचे पहिले डबे बैलांनी ओढले होते. वडिलांच्या वेळी इंजिन होते, पण स्टेशनापासून गावापर्यंत पेटीला बैलगाडीच लागे. ते सांगत की पेटी आल्याचे गावात कोणाला सांगावे लागत नसे, कारण गाडीवानच सांगत येई.

त्यांची एक वही माझ्यापाशी आहे. चार रकाने : नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. त्या वहीत काही नावांपुढे सहीच्या जागी अंगठा आहे. लहानपणी मला हे कोडे पडे. ज्याला सही येत नाही त्याने पुस्तक नेऊन करायचे काय? वडिलांचे उत्तर असे : त्याच्या घरी तिसरी शिकलेला मुलगा आहे, दिवेलागणीनंतर मुलगा वाचतो आणि ओसरीवर सात-आठजण ऐकतात. म्हणजे वहीत जे एक नाव दिसते त्यामागे सात-आठ वाचक होते, असे म्हणायला हवे. हजारी शंभर साक्षरांच्या प्रदेशात पुस्तक कसे पसरते याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला पुढे कोणत्या ग्रंथात मिळाले नाही. आणि आपल्याला ते परके वाटू नये. चातुर्मासात पोथी लावणाऱ्या घरांत वाचणारा एक आणि ऐकणारे पंचवीस, हाच हिशेब होता. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, रोज थोडे थोडे, आणि समाप्तीला प्रसाद. पेटीने फक्त पोथीच्या जागी चरित्र, प्रवास, शेतीची माहिती आणि कादंबरी ठेवली.

त्या वहीतील एक तक्रार मात्र मला अजून हसू आणते. गोवर्धनराम त्रिपाठींची 'सरस्वतीचंद्र' ही गुजराती कादंबरी चार भागांची. एका पेटीत तिचा पहिला भाग आला, पुढच्या पेटीत तिसरा. दुसऱ्या भागासाठी वडिलांनी बडोद्यास लिहिलेल्या पत्राची नक्कल वहीत आहे, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिले आहे : 'गाव रागावला आहे.' ज्या गावात पंधरा वर्षांपूर्वी कादंबरी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, तो गाव कादंबरीचा दुसरा भाग आला नाही म्हणून रागावतो!

पेटीच्या जोडीने आणखी एक शाखा होती, दृश्यशिक्षणाची. जादूचा कंदील, त्याच्या काचेवरील चित्रे, दुहेरी भिंगांतून पाहण्याची छायाचित्रे, आणि पुढे चलच्चित्रे, हे सारे घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात आणि उघड्या मैदानात मोफत खेळ करीत. चित्रे पाहायला येणाऱ्यास वाचता येण्याची अट नव्हती. मला ही शाखा पेटीहून कमी महत्त्वाची वाटते. खेळ संपला की कंदील पुढच्या गावी जाई. पण वडिलांचे मत निराळे होते. ते म्हणत, कंदिलाच्या रात्री ज्या बायका दूर अंधारात उभ्या राहून पाहत, त्याच नंतर मुलांना पुस्तक आणायला पाठवीत.

आता या चित्राची दुसरी बाजू, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या राज्यात वाचायला सर्वांना मोकळीक होती, त्याच राज्यात राहायला सर्वांना जागा नव्हती. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले आणि १९१७ साली नोकरीसाठी येथे परतले. त्या काळात या संस्थानाच्या पैशाने त्यांच्याहून अधिक कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही. त्यांना शहरात डोके टेकायला खोली मिळाली नाही. जात लपवून ज्या पारशी धर्मशाळेत उतरले तेथून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ग्रामग्रंथालय धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत असेल तर कोण आत जाई आणि कोण बाहेर उभा राही, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. वडिलांनी पेटी शाळेतच ठेवली, देवळात नेऊ दिली नाही; त्यावरून गावातील दोन-तीन प्रतिष्ठितांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते. ते फार मोठे सुधारक होते असे नव्हे. पेटी खात्याची आहे, असे ते म्हणत.

संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा भाग गुजरातेत आला. ग्रंथालये राहिली, काही अजूनही उत्तम चालतात. नवसारीचे १८९८ सालचे सयाजी वैभव ग्रंथालय पाहून यावे. परंतु तीन वाट्यांची ती रचना, वर्षातून चार वेळा गावात येणारी ती पेटी, आणि दुसऱ्या भागासाठी पत्र लिहिण्याचा गावाचा तो हक्क, हे एकत्र राहिले नाही. ज्या भूमीत १९११ साली पेटी निघाली त्या भूमीला ग्रंथालयांचा कायदा मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. कोल्हापूर संस्थानाने तो १९४५ सालीच केला होता. अनुदान आले, पण अनुदान म्हणजे वर्गणी नव्हे. अनुदानाच्या ग्रंथालयात वाचक प्रश्न विचारत नाही, कारण त्याचा रुपया तेथे नसतो.

मी संमेलनांच्या विरुद्ध आहे असा समज होऊ नये. बेळगाव तालुक्यातील कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरे अशा गावांतून गावकरी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलने भरवतात, आणि त्यांतील काहींना मी गेलो आहे. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तके, पुढे लेझीम, मुलींच्या डोक्यावर कलश, दारोदार रांगोळ्या. मग उद्घाटन, परिसंवाद किंवा व्याख्यान, दुपारी साऱ्या पाहुण्यांना गावजेवण, नंतर कथाकथन आणि कविसंमेलन. शेतात काम करणारी माणसे कामाचा दिवस मोडून मंडपात बसलेली असतात. जेथे भाषा हीच रोजची चिंता आहे, तेथे हे संमेलन म्हणजे करमणूक नसते. आपण येथे आहोत, हे मोठ्याने सांगण्याचा तो दिवस असतो. त्या दिवसाची बरोबरी कोणतीही पेटी करू शकणार नाही.

पण अशाच एका गावातील अनुभव मला आजही टोचतो. मी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांवर बोललो होतो. बोलणे रंगले होते, टाळ्याही मिळाल्या. मंडपाबाहेर एक साठीचे शेतकरी थांबले होते. त्यांनी विचारले, "सर, तुम्ही ज्याबद्दल सांगितलंत ते पुस्तक इथं कुठं मिळंल?" मी जवळच्या शहरातील वाचनालयाचे नाव सांगितले. ते म्हणाले, तिकडे जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि अनामत भरावी लागते. मी पुस्तक पाठवतो म्हणालो, त्यांचा पत्ता टिपून घेतला, आणि घरी येऊन विसरलो. आठ महिन्यांनी जुन्या डायरीत पत्ता सापडला तेव्हा ओशाळून पुस्तक धाडले. सुमारे वर्षाने ते टपालाने परत आले. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, कोपरे सरळ केलेले. शेवटच्या कोऱ्या पानावर निरनिराळ्या हस्ताक्षरांत अकरा नावे होती, आणि त्यांतील दोन नावांपुढे कंसात 'ऐकले' असे लिहिले होते. तासाभराच्या माझ्या व्याख्यानाने जे केले नाही ते एका प्रतीने केले, आणि तीही मी आठ महिने अडवून ठेवली होती.

संघाच्या निधीबाबत माझी सूचना याच कारणाने आहे. संमेलन भरवावे, पण त्यास निधीचा एक भाग द्यावा. उरलेल्यातून पेट्या कराव्यात. आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात हवे ते वाचायला मिळते, मग पेट्या कशाला, असे एका तरुण माजी विद्यार्थ्याने मला विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. त्याला मी विचारले की गेल्या वर्षभरात त्या यंत्रावर तू कोणते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेस? तो हसला. यंत्रात काय नाही हा प्रश्नच नाही. तेथे वीस पुस्तके निवडून देणारा कोणी नाही आणि तीन महिन्यांनी परत मागणाराही कोणी नाही.

पेट्या कोणासाठी, याविषयी दोन मते होतील. आपली शाळा मराठी. तिच्या वर्गांतील पटसंख्या काय झाली आहे ते आपण जाणतो. केवळ मराठी पुस्तकांच्या पेट्या केल्या तर त्या शहराच्या दोन-चार पेठांतच फिरतील. जिल्ह्यातील खेड्यांत गुजराती पुस्तकेच जायला हवीत आणि ती आपण पाठवावीत. बडोद्याच्या मराठी माणसाने हे काम शंभर वर्षांपूर्वी केले आहे, त्यात त्याचे मराठीपण उणावले नाही. मराठी पुस्तकांची एखादी पेटी मात्र बेळगावकडील एका गावी धाडावी. तेथे अकरा वाचक नक्की आहेत, त्यांची नावे माझ्यापाशी आहेत.

तीन वाट्यांचा नियम आपणही पाळावा असे मला वाटते. जे गाव किंवा जी शाळा पेटी मागेल, तिने आपला लहानसा वाटा आधी टाकावा. तो दहा रुपयांचा असला तरी चालेल, पण असावा. पुस्तके निवडताना साहित्याच्या प्राध्यापकांना दूरच ठेवावे, मलाही. कादंबरी अनेक भागांची असल्यास सर्व भाग एकाच पेटीत जातील, एवढी काळजी घ्यावी.

लाकूडकामाचा व्यवसाय असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने पहिल्या चार पेट्या स्वखर्चाने करून देण्याचे मान्य केले आहे. वडिलांच्या आठवणीतून आणि त्यांच्या वहीतील एका ओबडधोबड आकृतीवरून मापे काढून मी त्याला दिली आहेत. कुलूप असावे की नसावे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो म्हणतो, हवे; मी म्हणतो, कडी पुरे. पुस्तकांची यादी शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना तिच्यात भर घालायची असेल त्यांनी दिवाळीच्या सुटीपूर्वी घालावी.